धुऊन टाकलेला थर

१९९४ च्या जानेवारीत पीएच.डी.चे पहिले नमुने घ्यायला मी मुठेच्या पात्रात उतरले. ठिकाण पुण्यातलं विठ्ठलवाडी. धरणातून पाणी सोडलेलं नव्हतं, धार बारीक होती. हातात निर्जंतुक केलेली काचेची बाटली, खांद्याला बर्फ भरलेली थर्माकोलची पेटी. धारेपर्यंत पोचायला दगडांवरून जावं लागायचं. दुसऱ्याच दगडावर पाय सटकला, गुडघा फुटला आणि तळहाताला हिरवट-तपकिरी बुळबुळीत काहीतरी लागलं. ते मी ओढणीला पुसलं आणि मधल्या नितळ धारेतलं पाणी बाटलीत भरून घेतलं.

पुढच्या खेपेला मी कपड्यांचा ब्रश सोबत नेला. ज्या दगडावर उभं राहायचं तो आधी घासून घ्यायचा, म्हणजे पाय घसरत नाही. विठ्ठलवाडी, ओंकारेश्वर, संगम आणि बंडगार्डन अशा चार ठिकाणी, दर महिन्याला, तीन वर्षं मी हे केलं. नदीतले जीवाणू कसे राहतात हा माझा विषय. ते जिथे राहत होते ती जागा मी ब्रशने घासून काढत होते आणि वाहत्या पाण्यात सापडतील तेवढे घेऊन बसने लॅबमध्ये परतत होते.

या गोष्टीला तीस वर्षं झाली. मधल्या काळात बरंच काम झालं, काही चांगलंही झालं. पण आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला मी आधी माझ्या चुका सांगते, कारण शोधनिबंधांत त्या कुठेच लिहिलेल्या नसतात. आज त्या सविस्तर लिहून काढते आहे.

लॅबमध्ये पुढची चूक वाट बघत होती. विभागात एकच मोठा इन्क्युबेटर होता आणि तो कायम ३७ अंशांवर लावलेला असे, कारण बहुतेकांचं काम रोगजंतूंवर. ३७ हे माणसाच्या शरीराचं तापमान. जानेवारीतल्या मुठेचं नव्हे. त्यातच मी माझ्या प्लेट्स ठेवत होते. माध्यम न्यूट्रिएंट अगार. अर्धपोटी राहायची सवय असलेल्या नदीतल्या जीवाणूंसाठी ते फारच सकस. चोवीस तासांनी प्लेट बाहेर काढायची, ठिपके मोजायचे, नमुना जितक्या पट पातळ केला तितक्याने गुणायचं आणि वहीत आकडा लिहायचा. पाण्यातल्या जीवाणूंसाठी कमी अन्नद्रव्यांचं आर-टू-ए नावाचं माध्यम रीझनर आणि गेल्डरिच यांनी १९८५ मध्येच तयार केलं होतं. त्यात कमी तापमानाला पाच-सात दिवस वाट बघायची असते. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या पेशी आणि प्लेटवर उगवणारे ठिपके यांच्यातल्या प्रचंड तफावतीला स्टेली आणि कोनोप्का यांनी त्याच वर्षी नाव दिलं होतं. शंभर पेशी दिसाव्यात आणि एखादीच उगवावी, अशी ती तफावत. मला हे परीक्षेपुरतं पाठ होतं. स्वतःच्या वहीतल्या आकड्याला ते लावून बघावं, असं मनात आलं नाही.

प्रबंधाचा निष्कर्ष असा होता की, काही टप्प्यांत जीवाणूंची संख्या घटते, म्हणजे नदी तेवढ्या अंतरात स्वतःला शुद्ध करते. परीक्षकांना तो आवडला. संख्या घटली होती हे खरं. पण ती जीवाणू मेले म्हणून घटली, गाळाबरोबर तळाशी बसले म्हणून, की दगडांना चिकटले म्हणून, हे वेगळं करून सांगण्याची सोय माझ्या नमुन्यांत नव्हती. मी यातलं सगळ्यात सुखावणारं उत्तर उचललं.

डोळे उघडले ते १९९९ मध्ये, ग्रंथालयातल्या बांधीव खंडांमुळे. भलताच संदर्भ शोधताना 'सायंटिफिक अमेरिकन'चा जानेवारी १९७८ चा अंक हाती आला. त्यात कॉस्टर्टन, गीसी आणि चेंग यांचा लेख होता: जीवाणू चिकटतात कसे. निसर्गातले बहुतेक जीवाणू सुटे पोहत नाहीत, ते पृष्ठभागाला धरून, स्वतःच तयार केलेल्या चिकट वेष्टणात, वस्ती करून राहतात, असं त्यात सांगितलं होतं. त्या लेखावरून मागे मागे जात झोबेल यांच्या १९४३ च्या निबंधापर्यंत पोचले. समुद्राचं पाणी बाटलीत भरलं की त्यातले जीवाणू बाटलीच्या काचेला जाऊन चिकटतात, हे त्यांनी तेव्हा दाखवलं होतं. म्हणजे दगड सोडाच, मी ज्या बाटलीत नमुना आणत होते तिच्या भिंतीवरही माझे जीवाणू राहून जात होते आणि बाटली मी धुऊन ठेवत होते. माझ्या चुकीचं उत्तर माझ्या जन्माच्याही आधी छापून झालेलं होतं.

त्या हिवाळ्यात मी पुन्हा विठ्ठलवाडीला गेले. यावेळी ब्रश नव्हता. लाकडी चौकटीत बारा काचपट्ट्या बसवून ती चौकट नायलॉनच्या दोरीने पाण्यात बांधून ठेवली. हेन्रिची यांनी १९३३ मध्ये तळ्याच्या पाण्यात काचपट्ट्या बुडवून हेच केलं होतं. सात दिवसांनी काढलेली पट्टी उजेडाकडे धरली, तर तिच्यावर श्वास सोडल्यासारखा धूसरपणा होता, एवढंच. रंगवून भिंगाखाली घेतली आणि मी खुर्ची पुढे ओढली. जीवाणू सगळीकडे सारखे पसरलेले नव्हते. जागोजागी त्यांचे पुंजके होते, पुंजक्यांच्या मधून पाणी जायला वाटा होत्या, एका कडेला डायटम या शैवालाची होडीसारखी कवचं अडकली होती आणि त्यांच्या आडोशाला आणखी दाट वस्ती होती. त्या वेष्टणात शर्करांच्या लांब साखळ्या असतात, प्रथिनं असतात, फुटलेल्या पेशींतून सुटलेला डीएनए असतो आणि बाकी बहुतांश नुसतं पाणी असतं. हे सगळं मला शब्दांत माहीत होतं. दिसलं तेव्हा ओढणीला पुसलेला तो हात आठवला.

त्या रात्री आणखी एक गोष्ट लक्षात आली. नदी स्वतःला शुद्ध करते असं मी लिहिलं होतं. उथळ, दगडाळ पात्रात ते काम मोठ्या प्रमाणात करतं कोण? हाच थर. मैलापाणी शुद्धीकरण केंद्रांत आपण जे कृत्रिमरीत्या घडवून आणतो, टाकीत तरंगणारे जीवाणूंचे गोळे किंवा प्लॅस्टिकच्या चकत्यांवर वाढवलेले थर, तेच काम मुठेचे दगड फुकट करत होते. निष्कर्षात ज्या शुद्धीकरणाचं कौतुक केलं, ते करणाऱ्या थरालाच मी दर महिन्याला घासून काढत होते. तोवर वर्गात मी बुळबुळीत थर म्हणजे घाण, बायोफिल्म (हाच थर) म्हणजे शत्रू, असंच शिकवत आले होते.

इथवरच्या चुका अज्ञानाच्या होत्या. पुढची तशी नाही.

२००३ मध्ये माझ्याकडे पहिली पीएच.डी.ची विद्यार्थिनी आली. नदीतून वेगळे केलेले जीवाणू कितपत थर धरतात हे मोजायचं होतं. पद्धत साधी आहे. शहाण्णव खळग्यांच्या प्लेटमध्ये जीवाणू वाढवायचे, वरचं द्रव माध्यम ओतून टाकायचं, प्लेट धुवायची, क्रिस्टल व्हायोलेट घालायचं, पुन्हा धुवायची, मग चिकटून राहिलेला जांभळा रंग अल्कोहोलमध्ये विरघळवून त्याची तीव्रता मोजायची. जितका रंग, तितका थर. मी स्वतः तीसेक जीवाणूंची अशी क्रमवारी लावून निबंध छापलेला होता. तिने कामाला सुरुवात केली ती त्याच जीवाणूंपासून, आणि तिचे आकडे माझ्याशी जुळेनात. माझ्या यादीत तळाला असलेले काही जीवाणू तिच्याकडे सर्वांत वर येत होते.

शनिवारच्या बैठकीत, सात-आठ जणांसमोर, मी तिला म्हणाले, "तुझा हात अजून बसलेला नाही."

ती म्हणाली, "मॅडम, नळाखाली धरलं की थर सुटतो. मला तो सुटताना दिसतो. म्हणून मी टबात बुडवून धुते."

"मी शिकवलं तसं कर. पुन्हा कर."

तिने पाच महिने पुन्हा केलं. नळाखाली धरून केलं, की आकडे माझ्यासारखे यायचे आणि मी समाधानाने मान डोलवायचे. तेवढ्यात तिच्या फेलोशिपचं मूल्यमापन आलं. दाखवायला नवीन काही नव्हतं, तिची वरची श्रेणी लांबली आणि तिच्या घरी त्या पैशांची वाट बघणारी माणसं होती. हे मला पुष्कळ नंतर कळलं. मी विचारलंच नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत विभाग रिकामा असताना मी एकटी बसले आणि एकाच दिवशी वाढवलेल्या दोन प्लेट्स घेतल्या. एक नळाखाली धरली, एक टबात हलकेच बुडवली. नळाखालच्या प्लेटमध्ये एका खळग्यातून साबणाच्या फेसाच्या पापुद्र्यासारखं काहीतरी उठलं, क्षणभर काठाशी थरथरलं आणि धारेबरोबर बेसिनमध्ये गेलं. ती जे पाच महिने सांगत होती ते दिसायला मला एक मिनिट लागलं. जाड पण सैल थर धरणारे जीवाणू माझ्या पद्धतीत धुऊन जात होते आणि पातळ पण घट्ट बसणारे उरत होते. माझ्या छापलेल्या क्रमवारीत कोण किती थर धरतं हे नव्हतंच. आमच्या नळाच्या धारेपुढे कोण टिकतं, एवढंच त्यात होतं.

निबंधाला मी दुरुस्तीची जोड दिली. तिच्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण याच फरकावर उभं राहिलं आणि ते चांगलं झालं. तिची माफीही मागितली. पण ती केबिनचं दार लावून. बोलले होते ते सगळ्यांसमोर. हा हिशेब कितीतरी वर्षं माझ्या नावावर राहिला. तिच्या धाकट्या सहकाऱ्यांसमोर मी ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली, तोवर ती आमच्याकडून जाऊन सहा वर्षं झाली होती.

यानंतरची चूक कार्बॉयची. आमच्याकडे डिस्टिल्ड वॉटर वीस लिटरच्या कार्बॉयमध्ये साठवायचे. तळाशी तोटी, तोटीला हातभर रबरी नळी, नळीला चिमटा. काचसामान धुणारे मामा तीस वर्षं तिथे होते. २००८ च्या उन्हाळ्यात ते एकदा दारात उभं राहून म्हणाले, "मॅडम, त्या कॅनच्या नळीला आतून बुळबुळीत लागतंय. आमच्याकडं माठाला असं लागलं तर माठ घासून उन्हात घालतात."

मी म्हणाले, "मामा, डिस्टिल्ड वॉटर आहे ते. त्यात काही नसतं."

हे मी म्हणाले. तोवर नऊ वर्षं मी बायोफिल्मवर व्याख्यानं देत होते.

त्या वर्षी आम्ही शहरातल्या सांडपाण्याच्या नाल्यांतून आणि मुळा-मुठेतून चांदीच्या क्षारांना दाद न देणारे जीवाणू शोधत होतो. पाणी गाळणीच्या पडद्यातून जाऊ द्यायचं, पडदा धुवायचा, मग माध्यमावर ठेवायचा. पडदा धुवायला कार्बॉयमधलं पाणी. तेवढ्यासाठी ते ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक कशाला करायचं, असा विचार. जिथून नमुना घ्यावा तिथे एक जीवाणू हमखास निघू लागला. जीवाणू ओळखायला वापरतात त्या १६-एस जनुकाची क्रमवारी काढली तर सगळीकडे राल्स्टोनिया. शहरभर एकच चिवट जीवाणू पसरला आहे, असा निबंध आम्ही लिहिला आणि तो छापून आला.

पुढच्या वर्षी एका एम.एस्सी.च्या मुलाने, कुणी न सांगता, नमुन्याच्या जागी नुसतं निर्जंतुक पाणी गाळून सगळ्या पायऱ्या तशाच केल्या. यालाच ब्लँक म्हणतात. पहिल्या वर्षाच्या प्रात्यक्षिकात आपण ते शिकवतो. त्याच्या ब्लँकवर राल्स्टोनिया उगवला. मी नळी कापून उभी चिरली. आतून दुधाच्या सायीसारखा पातळ थर, बोट फिरवलं की सरकणारा. राल्स्टोनिया शुद्ध पाण्याच्या यंत्रणांत राहणारा म्हणून कुप्रसिद्ध आहे. जवळजवळ काहीच खायला नसलेल्या पाण्यात तो तग धरतो. शहरभर पसरलेला जीवाणू आमच्या टेबलाखाली होता आणि मामांच्या बोटांना तो वर्षभर आधी कळला होता.

याहून जास्त लाज वाटते ती पुढच्या अकरा आठवड्यांची. निबंध मागे घ्यायला हवा, हे मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. पत्र लिहिलं ते अकरा आठवड्यांनी. आधी वाटलं, सगळे नमुने तपासून बघू, काही तरी खरं निघेल. मग वाटलं, बढतीची मुलाखत होऊन जाऊ दे. मधल्या काळात दुसऱ्या शहरातल्या एका तरुण संशोधकाचा ईमेल आला, त्याला तो जीवाणू हवा होता. नाही म्हणायला कारण द्यावं लागलं असतं, म्हणून मी त्याला कल्चर पाठवून दिलं. आमच्या नळीतल्या जीवाणूवर तो काम करत राहिला. निबंध मागे घेतल्याचं त्याला कळवलं तेव्हा त्याने दोन ओळींचं सभ्य उत्तर दिलं. ती दोन ओळींची मेल मी अजून जपून ठेवली आहे.

२०१४ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी दाखवलं की डीएनए काढण्याच्या विकतच्या किटमध्येच जीवाणूंचा डीएनए असतो आणि कमी जीवाणू असलेल्या नमुन्यांत तोच खरा निकाल म्हणून छापला जातो. त्यानंतर जगभर ब्लँकबद्दल लोक काटेकोर झाले. आमच्याकडे आता ब्लँकशिवाय कुणाचाही निकाल बैठकीत मांडला जात नाही, माझाही नाही.

शेवटची चूक लॅबच्या बाहेरची आहे. आमची सोसायटी सिंहगड रस्त्याच्या बाजूला. २०१६ मध्ये पाण्याला वास येतो अशी तक्रार झाली आणि सेक्रेटरींनी मला विचारलं, "मॅडम, तुमचा विषयच आहे हा, बघता का?" मी गच्चीवरच्या टाकीतून एक बाटली पाणी नेलं. पाण्यात मैला मिसळल्याची खूण देणाऱ्या जीवाणूंची, म्हणजे कोलिफॉर्म, चाचणी केली. काही निघालं नाही. मी कागदावर लिहून दिलं: पाणी पिण्यास योग्य. तो कागद लिफ्टजवळ लागला.

तीन आठवड्यांत एका विंगमध्ये चार-पाच घरांत जुलाब-उलट्या झाल्या, एका लहान मुलाला दवाखान्यात ठेवावं लागलं. प्लंबरने त्या विंगचा खाली येणारा पाइप कापला. आत तपकिरी, चिकट थर होता, काही ठिकाणी नखाएवढा जाड. पाणी ठरावीक वेळीच येतं तिथे पाइप रिकामे होतात, पुन्हा दाबाने भरतात आणि त्या धक्क्याने थराचे तुकडे सुटून पहिल्या पाण्याबरोबर नळात येतात. पाण्याच्या मानकानुसार नळाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन उरायला हवं. पण ते उरलं तरी थराच्या आत सगळीकडे पोचतं असं नाही. सतराव्या शतकात लेव्हेनहूकने दातांवरच्या किटणावर, म्हणजे अशाच थरावर, व्हिनेगर वापरून पाहिलं, तेव्हा वरवरचे जीव मेले आणि आतले जिवंत राहिले, हे त्याने लिहून ठेवलं आहे.

त्या घरांतलं आजारपण पाण्यामुळेच आलं, असं मी सिद्ध करू शकत नाही. पण पाणी योग्य आहे असंही मी सिद्ध केलेलं नव्हतं आणि तसं लिहून मात्र दिलं होतं. एका टाकीतली, एका सकाळची, एक बाटली. विठ्ठलवाडीला केलं तेच बावीस वर्षांनी पुन्हा. फरक इतकाच की या खेपेला माझ्या शब्दावर विश्वास ठेवून शेजाऱ्यांनी पाणी उकळायचं थांबवलं होतं. त्या मुलाच्या आईला मी हे सांगायला गेले. तिने चहा केला. तिने मला काही ऐकवलं असतं तर बरं वाटलं असतं.

२०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी या भागांत गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले. हातापायांतली ताकद जाते असा हा आजार. काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी सापडला. हा जीवाणू नेहमीच्या प्लेटवर उगवत नाही. त्याला कमी ऑक्सिजन लागतो आणि ४२ अंशांच्या आसपासचं तापमान मानवतं. कोलिफॉर्म चाचणी निर्दोष आली, तरी तो नाही असं म्हणता येत नाही. इतर जीवाणूंच्या थरात त्याला आसराही मिळतो.

सोसायटीची तातडीची सभा झाली. सेक्रेटरी आता दुसरे होते. म्हणाले, "मॅडम, लोक घाबरलेत. एका शब्दात सांगा, पाणी चांगलं आहे की नाही?"

मी म्हणाले, "एका शब्दात मला सांगता येणार नाही. उकळा."

काही जण नाराज झाले. इतकी वर्षं शिकून एवढंच, असं मागून कुणीतरी म्हणालंही. दुसऱ्या दिवशी पहाटे पाणी आल्याबरोबर दोन विद्यार्थ्यांना घेऊन मी प्रत्येक विंगच्या सर्वांत खालच्या आणि सर्वांत वरच्या नळातून नमुने घेतले. पहिली धार वेगळी, दोन मिनिटांनंतरची वेगळी. बरोबर ब्लँक होतं. क्लोरिन तिथेच मोजलं. दोन नळांवर ते जवळजवळ शून्य आलं. टाक्या आतून घासून घेतल्या. मग जो कागद लिफ्टजवळ लावला, त्यावर 'योग्य' हा शब्द नव्हता. वर तारीख आणि वेळ होती. खाली कोणत्या नळातून काय घेतलं, कोणती चाचणी केली, तिच्यात काय दिसतं आणि काय दिसू शकत नाही. शेवटची ओळ मी जाड अक्षरात लिहिली: पाइपच्या आतला थर तपासलेला नाही.